अमुकनाम्नी कन्या

"गुरुजी, ही कोण?" शमाताईंनी माझ्याकडं बोट दाखवून विचारलं.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. इतकं निरखून पाहिलं की वाटलं, आता नाव तर सांगतीलच, वर जन्मनक्षत्र आणि चरणही सांगतील. ओठ हलले, गळ्याची शीर तटतटली, आणि मग ते म्हणाले, "असू दे."

"नाव, गुरुजी. हिचं नाव."

"असू दे, असू दे!" या खेपेला आवाजात चीड होती. डाव्या हातानं त्यांनी समोरचं चित्र ढकलून दिलं. चित्रात कपबशी होती. तिलाही ते मघाशी "असू दे"च म्हणाले होते, आणि त्याआधी गाईला, आणि छत्रीलाही.

मिरजेतल्या त्या लहानशा खोलीत मला तेव्हा हसू आलं. हसले नसते तर रडले असते, आणि चारचौघांत रडणं माझ्या स्वभावात नाही. मी जात्याच तोंडाळ. आई म्हणायची, देवानं आधी जीभ केली आणि उरलेल्या मातीत भागी बसवली.

भागी म्हणजे मी, भार्गवी. तासगावच्या धुंडिराज वझे गुरुजींची एकुलती एक. बाबांचं पौरोहित्य पंचक्रोशीत चालायचं, आणि त्यांचा आवाज त्याहून लांब. काही हवं असलं की ओटीवरून हाक यायची, "भागेऽऽ!" समोरच्या कासारांच्या घरातली माणसंसुद्धा दारात येऊन बघायची. मी वैतागायची. "आले हो, आले! घर काय कोसभर आहे का?" असं म्हणत पाय आपटत जायची. तर त्या श्रावणात, ऐन कामाच्या दिवसांत, पूजा सांगून आलेले बाबा ओटीवर टेकले ते एकदम कलंडलेच. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. पाय हळूहळू आला, ओढत का होईना चालायला लागले. हातही थोडा आला. वाचा काही आली नाही.

डोकं मात्र शाबूत. कोण आलं, कोण गेलं, आमटीत मीठ कमी पडलं, सगळं कळायचं. सांगायला दोनच शब्द उरले होते. भूक लागली तरी "असू दे", राग आला तरी "असू दे", आणि आई पदर तोंडाला लावून बसली की तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचे तेही "असू दे".

ज्या हाकेला मी कंटाळायची, त्या हाकेसाठी आता कानांत प्राण आणून बसायची. स्वयंपाकघरात काही खुट्ट झालं तरी ओटीकडं धावायची. बाबा तिथं बसलेले असायचे, मला बघून हसायचे आणि गप्प राहायचे. माणूस समोर बसलेलं असताना त्याची आठवण येते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मिरजेला उपचारासाठी आम्ही उशिराच पोचलो, आणि त्याला कारण आमचं अख्खं गाव. झालं असं, की दवाखान्यातून घरी आल्यावर एका संध्याकाळी आईनं देवापुढं निरांजन लावलं, आणि मागून बाबांचा आवाज आला. पुरुषसूक्त! पहिल्या ऋचेपासून शेवटापर्यंत, स्वरासकट, एकही अक्षर न अडखळता. आईच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी तिला कळलं नाही. तिनं लगेच साखर वाटली. "गुरुजींना वाचा आली" ही बातमी दिवा शांत होण्याआधी गणपतीच्या देवळापर्यंत गेली.

मी बाबांच्या पुढ्यात जाऊन बसले. "बाबा, आता मला हाक मारा बघू."

"असू दे," बाबा म्हणाले.

"अगं, देवाचं आधी आलं," आई म्हणाली. "माणसांचं येईल मागनं."

झालं! आमच्या लोकांना काय, मंत्र आले की सगळं आलं. सावळजचे आप्पासाहेब पाटील स्वतः गाडी घेऊन आले. "गुरुजी बरं झालं बगा. आता बेदाण्याच्या शेडचा सत्यनारायण तुमच्याच तोंडनं व्हायला पायजे." बाबांचे डोळे चमकले. आईनं धूतवस्त्र काढलं. बाबांचे शिष्य वासूगुरुजी आधाराला बरोबर गेले. पूजा यथासांग झाली, लोक पाया पडले, प्रसाद घरी आला.

संध्याकाळी वासूगुरुजी मात्र माजघराच्या दारात उभे राहिले. चाळिशी उलटलेला माणूस, पण चेहरा पाठ न झालेल्या पोरासारखा. "काकू, कसं सांगू... संकल्पात गुरुजींनी यजमानांचं नावच घेतलं नाही."

"मग काय म्हणाले?"

"अमुक."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पोथीत नावाच्या जागी 'अमुक' छापलेलं असतं. अमुक गोत्राचा, अमुक नावाचा मी, असं. शिकणारा ते तसंच घोकतो, आणि पुढं खऱ्या पूजेत त्या जागी माणसाचं नाव घालतो. बाबांनी गाव, तिथी, गोत्र, नाव, सगळीकडं अमुकच ठेवलं. समोर पाटील हात जोडून बसलेले, त्यांना संस्कृत कुठलं कळायला! बिचाऱ्यांची पूजा अमुकानं केली आणि अमुकालाच पावली.

मी हसले. आई नाही हसली. वासूगुरुजींच्या तर डोळ्यांत पाणी होतं.

आता मुख्य गोष्ट. माझं लग्न बाबा आजारी पडण्याआधीच ठरलं होतं, इचलकरंजीच्या श्रीनिवासशी. ते वैशाखावर ढकललं होतं. अमुकाची हकीकत पुण्याच्या मुकुंदकाकांच्या कानावर गेली, तसे ते पहिल्या गाडीनं आले. काका वाईट नाहीत, पण व्यवस्था हा त्यांचा आजार.

"वहिनी, कन्यादानाला मी आणि ही बसतो," ते म्हणाले. "दादानं नुसतं शेजारी बसावं. नावाच्या जागी तो अमुक म्हणाला, तर तिकडची माणसं काय म्हणतील? अमुकनाम्नी कन्या? मग सून घरात आणायची ती कोण?"

बाबा तिथंच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. त्यांना ऐकू येतं, कळतं, हे लोक किती सहज विसरायचे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कन्यादान बाबाच करतील," मी म्हटलं. "नाहीतर मी रजिस्टर लग्न करते. तिथं कन्यादानच नाही."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"कुणाच्याच नसतं, काका."

आईनं डोळे वटारले. काका बराच वेळ पानाला चुना लावत बसले आणि मग म्हणाले, "बरं. वैशाखापर्यंत दादाच्या तोंडून हिचं नाव आलं तर तो बसेल. नाही आलं, तर मी. मग मात्र वाद नको."

कन्यादानाचं मला फार होतं अशातला भाग नाही. मला बाबांच्या तोंडून मी हवी होते. घरातून जाताना एकदा तरी त्यांनी माझं नाव घ्यावं, मग मी खुशाल कुठंही जाईन, एवढंच मनात होतं. कुणीतरी मिरजेच्या शमा शिकलगारांचं नाव सुचवलं. झटक्यानं वाचा गेलेल्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवायच्या. आमची एसटीची वारी सुरू झाली ती अशी.

पहिले काही आठवडे कपबशी, गाय आणि छत्रीत गेले. एकदा चिडून मी त्यांना अमुकाची सगळी कथा ऐकवली. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत, खुर्ची ओढून पुढं आल्या.

"ताई, हे आधी का नाही सांगितलं? याला अफेजिया म्हणतात. बघा, पाठ केलेलं सगळं एका कपाटात असतं. गाणी, पाढे, प्रार्थना, शिव्यासुद्धा. आणि आपल्या मनातलं, आपलं आपण जुळवून बोलायचं, ते दुसऱ्या कपाटात. गुरुजींचं हे दुसरं कपाट अडकलंय. पहिलं सताड उघडं आहे."

"मग पहिल्यातनं दुसऱ्यात जाता येतं?"

"कधी येतं, कधी नाही. पण त्यांच्या मंत्रात नावाची जागा रिकामी आहे ना? तिथं नाव बसवून बघू. मला संस्कृत येत नाही, पण ताल कळतो. आमचे आजोबा सतारी करायचे."

वासूगुरुजींनी कन्यादानाच्या संकल्पातली एकच ओळ बाबांसाठी निवडली. बाकीची गोत्रं, आजे-पणजे त्यांनी स्वतः म्हणायचे. बाबा ती ओळ म्हणायला लागले की थांबायचेच नाहीत. घाटाच्या उताराला लागलेली एसटी जशी, मध्ये हात दाखवा नाहीतर ओरडा, खाली जाऊनच थांबणार. 'अमुकनाम्नीं इमां कन्यां' म्हणत सरळ शेवट गाठायचे. शमाताईंनी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि गुडघ्यावर थाप द्यायला लावली. हळू. आणखी हळू. नावाची जागा आली की मी समोर उभी, छातीवर हात ठेवून. शमाताई ओठ मिटून 'भा'चा आकार करायच्या, आवाज न काढता.

"अमुक," बाबा म्हणायचे.

"परत, गुरुजी."

"अमुक."

थाप, ओठ, अमुक. माघ गेला, फाल्गुन आला. घरी मी आणि आई दिवेलागणीला हाच खेळ मांडायचो. बाबा घामाघूम व्हायचे, कधी गुडघ्यावरचा हात रागानं आपटायचे आणि "असू दे!" म्हणून भिंतीकडं तोंड करायचे. मी म्हणायची, "असू दे काय, असू दे! मला अमुक म्हणून सासरी धाडताय का?" मग ते पुन्हा तोंड वळवायचे आणि थाप द्यायला लागायचे. एवढा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आरशातला सोडून.

पाडव्याच्या आधी, मिरजेत, ते नाव आलं. थाप पडली, शमाताईंचे ओठ मिटले, आणि बाबा म्हणाले, "भार्गवीनाम्नीं इमां कन्यां..." आणि पुढं गेलेसुद्धा! त्यांचं त्यांना कळायला वेळ लागला. मग थांबले, माझ्याकडं बघितलं आणि लहान मुलासारखे हसले. पुन्हा म्हटलं. पुन्हा आलं. आईनं शमाताईंना मिठीच मारली. शमाताई ओशाळून म्हणाल्या, "अहो काकू, चहा सांडेल!"

मी बाबांसमोर गुडघ्यावर बसले. "बाबा, आता साधं. मी कोण?"

त्यांनी तोंड उघडलं. डोळ्यांत मी होते, भरून होते. "असू दे," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा विझला.

परत निघताना शमाताई मला दारापाशी घेऊन गेल्या. "ताई, खोटी आशा लावत नाही. हे पाठांतरच आहे. एका शब्दाच्या जागी दुसरा बसवला, इतकंच. याला बोलणं म्हणू नका."

"म्हणजे माझं नाव सोवळ्यातच राहणार?"

"सध्या तरी," त्या म्हणाल्या. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मी तेव्हा रडले. चारचौघं नव्हते, म्हणून चाललं.

वैशाखात मांडव पडला. काकांनी शब्द पाळला, पण सोवळं नेसून तयार राहिले. "वेळ सांगून येत नाही," म्हणाले. शमाताईंना मी मुद्दाम बोलावलं होतं. बायकांच्या पहिल्या रांगेत, अबोली रंगाची साडी नेसून त्या बसल्या होत्या आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरल्या होत्या.

मंगलाष्टकं झाली. कन्यादानाला बाबा पाटावर बसले, उजवीकडं आई. श्रीनिवासची ओंजळ, तिच्यावर माझी, आणि वर बाबांचा उजवा हात. त्यात पुरती पकड नव्हती, म्हणून त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. आईनं झारी उचलली. वासूगुरुजींनी पणजोबांपासून सगळी नावं घेतली आणि थांबले. बाबांची ओळ आली.

गुडघ्यावर थाप द्यायला हात मोकळा नव्हता, तेव्हा बाबांनी माझ्या मनगटावरच अंगठ्यानं ताल धरला. मी छातीवर हात ठेवू शकत नव्हते, ओंजळ अडकलेली. फक्त त्यांच्याकडं बघत राहिले.

"भार्गवीनाम्नीं इमां कन्यां," बाबा म्हणाले. खणखणीत. समोरचे कासार दारात येऊन बघतील असल्या आवाजात.

काका उपरण्यानं डोळे पुसायला लागले. आईची धार हलली. मला वाटलं, जिंकलो! मांडवभर बायका एकमेकींना सांगत होत्या, आलं, आलं, नाव आलं. आणि बाबा पुढं निघाले होते, उतारावरून, नेहमीसारखे. "तुभ्यमहं संप्रददे..." म्हणजे, हिला मी तुला देतो. त्यापुढं दोनच शब्द असतात, न मम. आता माझी नाही. ते म्हटलं की बापाचा हात सुटतो. बाबांनी आयुष्यभरात ते किती बापांकडून म्हणवून घेतले असतील. आमच्या सरावातही रोज आपसूक यायचे, आम्ही तिकडं लक्षसुद्धा द्यायचो नाही.

बाबा थांबले.

ते थांबत नसत. मंत्राच्या मध्येच ते थांबू शकत नसत. मी शमाताईंकडं पाहिलं, त्या अर्ध्या उठल्या होत्या.

"न मम, गुरुजी," वासूगुरुजी हळूच म्हणाले.

बाबांचे ओठ हलले. गळ्याची शीर तटतटली. अंगठा माझ्या मनगटावर गच्च रुतला, ताल थांबला होता. मला वाटलं, पुन्हा झटका येतोय, आणि मी ओरडणार तोच ते बोलले.

"माझी."

"गुरुजी, न मम म्हणायचं."

"माझी," बाबा म्हणाले. आवाज फुटका होता, बेसूर होता, त्यात ना स्वर ना ताल. ते वासूगुरुजींना नाही, मला सांगत होते. "माझी... माझी."

वरपक्षाचे गुरुजी कुजबुजले, "अहो, हे म्हटल्याशिवाय दान पुरं होत नाही." काका लगबगीनं पुढं आले. "मी म्हणतो, मी तयार आहे."

"भावजी, थांबा तिथंच," आई म्हणाली. आई कधी चारचौघांत दिरांशी मोठ्यानं बोलली नव्हती. "ज्याची आहे त्यानंच म्हणायचं असतं. तुमची नाही ती."

काका जागच्या जागी थांबले. आई धार धरून बसली, पाणी आमच्या हातांवरून काशाच्या भांड्यात पडत राहिलं. वासूगुरुजींनी एकदा बाबांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि पोथीचं पान उलटलं. "पुढचं घेऊ," ते म्हणाले.

पंगतीच्या गडबडीत शमाताईंनी मला एका बाजूला गाठलं. काजळ गालांवर आलेलं. "ताई, ऐकलंत ना? हे पोथीतलं नव्हतं! कुणी शिकवलेलं नव्हतं!" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला कुठं बोलता येत होतं? आयुष्यात पहिल्यांदा जीभ टाळूला चिकटली होती.

त्यानंतर बाबांना थोडे शब्द आले. पाणी, नको, बस, ये. मी माहेरी गेले की "ये" म्हणायचे आणि खुर्चीत जरा सरकून बसायचे. हाक मात्र आली नाही ती नाहीच. अजून कुठं कुणी मोठ्यानं कुणाला बोलावलं की माझी मान वळते.

मुकुंदकाका म्हातारपणीही धुसफुसायचे, शास्त्राप्रमाणे भागीचं कन्यादान झालेलंच नाही म्हणून. भांडण झालं की श्रीनिवासही म्हणतात, तुझ्या वडिलांनी तुला दिलीच कुठं? मी म्हणते, नाहीच दिली. मध्ये एकदा माझा राग निवल्यावर त्यांनी खरंच विचारलं, एखादा छोटासा विधी करून ते पुरं करून घ्यायचं का, काकांच्या मनाला बरं वाटेल. पण तोवर बाबा गेले होते. ते दोन शब्द त्यांनी शेवटपर्यंत म्हटले नाहीत, आणि त्यांच्यावाचून दुसऱ्या कुणाला ते म्हणता येत नाहीत.